डासांची रेषा

हिलोहून पहाटे चारला निघालो,
गाडीत आम्ही सात आणि चालवायला नोहेआ,
एक हात चाकावर, एका हातात थर्मास.
सूनबाईनं वाढदिवसाला दिलेलं तिकीट,
मला पक्ष्यांतलं काय कळतं?
पहिल्याच झाडावर दिसली ती साळुंकी.
आपलीच. पिवळ्या डोळ्याची, भांडखोर.
"ही इथली नाही," नोहेआ म्हणाली.
मी म्हटलं, "ठाऊक आहे."

फाटकापाशी सगळ्यांना उतरवलं.
बुटांचे तळवे ब्रशनं घासा,
मग ती त्यांवर स्पिरिट फवारणार:
कुठली तरी बुरशी मातीतून वर जाते
आणि ओहिआची झाडं उभ्याउभ्या वाळतात.
त्या वासाबरोबर मी सिरोंच्यात.

सायकल, खांद्याला पेटी, प्राणहितेचा उतार.
एकतीस वर्षं मी माणसांची बोटं
असल्याच वासाच्या बोळ्यानं पुसली,
सुई टोचली, काचेवर थेंब घेतला,
दारावर तारीख टाकून पुढच्या दारी.
घरात कोणाला ताप?
एवढ्या एका वाक्यावर पेन्शन मिळते आहे.

खालचं जंगल डोक्यावरून ठिबकणारं,
पुरुषभर उंचीचे नेचे, शेवाळानं दाढी धरलेली खोडं,
आणि हिरव्यात हिरवा चष्मेवाला,
तोही जपानहून आणलेला.
"मग इथले कुठे आहेत?"
नोहेआनं फक्त बोट वर केलं.

गाडी धुक्यात शिरली. काळा थिजलेला लाव्हा, मग गवत.
एका वळणावर ती थांबली.
पाटी नाही, दगड नाही, काही नाही.
"साडेचार हजार फूट. साधारण इथपर्यंत डास येतो.
इईवीला एक चावा पुरतो."
ती मलेरिया म्हणाली,
मला ऐकू आलं हिवताप.

मिनेसोटाचे ओस्टरगार्ड हसले, पक्ष्याला मलेरिया?
माझा हात आपोआप मानेवर गेला.
"थंडी त्याला अडवून होती," ती म्हणाली,
"आता वर्षाला थोडा थोडा वर येतो.
पक्षी सरकतात. आणि डोंगर..."
पुढचं तिनं हातांनी केलं,
दोन्ही तळवे जवळ जवळ आणत.

सहा हजारांवर, साडेदहाच्या सुमाराला,
तेल न घातलेली बिजागरी करकरली.
मी वळून दार शोधलं. खरंच शोधलं.
ओहिआच्या लाल फुलात लाल काहीतरी हललं,
चोच विळ्यासारखी वाकलेली,
तिनं फुलाच्या आत डोकावून
काही विचारल्यासारखं केलं आणि गेला.
ओस्टरगार्डांचा कॅमेरा अजून पिशवीतच.

बाकीच्यांनी यादीवर खूण केली.
मी वहीत जुन्या सवयीनं रकाने आखले:
गाव, हाकालाउ. घर, झाड तिसरं, डावीकडून.
माणसं, एक.
ताप, नाही.
खाली सही केली, आणि तारीख
कुठे लिहायची कळेना.
ओहिआच्या खोडाला हात लावून पाहिला.
खडबडीत, ओला. खडू धरला नसता.

रात्री हिलोत कानाशी गुणगुणला.
मारला नाही. उठलो.
अंगणात सूनबाईच्या कुंड्यांखाली बशा,
बशांत चार दिवसांचं पाणी,
विजेरीच्या उजेडात वळवळ,
तीच, वाकड्या स्वल्पविरामांची.
एकेक बशी गवतावर पालथी घातली.
एक जुना टायरही सापडला. तोही तिरका केला.

"बाबा, दोन वाजलेत. काय करताय?"
"काही नाही गं. पाणी टाकतोय.
शेजारच्यांकडे कुंड्या आहेत का?"